शनिवारचा धूर

१

निळ्या काठाचा कप ओला होता.

लेम्पी हार्यू काठीवर भार देऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि निथळायच्या जाळीत पालथ्या पडलेल्या त्या कपाकडे बघत राहिली. काठाशी पाण्याचा एक थेंब जमला होता. तो तिच्या देखत खाली टपकला. म्हणजे कप नुकताच कोणीतरी विसळला होता.

निळ्या काठाचे कप पाहुण्यांचे. ते काचेच्या कपाटात वरच्या फळीवर असत. पाद्री आले, किंवा मयतानंतर गावातली माणसं कॉफीला जमली, तरच ते खाली उतरत. लेम्पी स्वतः तपकिरी मगातून कॉफी प्यायची. त्या मगाचा टवका उडाला होता आणि कान एकदा डिंकाने चिकटवलेला होता. तो मग टेबलावरच होता. कालचा, न धुतलेला, तळाशी काळं वर्तुळ धरून बसलेला.

तिने कप पुसला आणि कपाटात जागच्या जागी ठेवला. 'काल आपणच काढला असेल,' ती स्वतःशी म्हणाली. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला घरात काही भलतं दिसलं, की तिचा पहिला संशय स्वतःवरच जातो. दाराच्या कडीवर नाही, शेजाऱ्यावर नाही. ही सवय तिला जन्मतः नसते. आजूबाजूच्या माणसांनी ती हळूहळू लावलेली असते.

पावाच्या डब्याशेजारच्या पांढऱ्या डबीतून तो नेहमीचा मऊ आवाज आला.

"सुप्रभात, लेम्पी. आज तुम्ही पहाटेच उठलात. फार छान."

लेम्पीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून गेले होते. ती आत्ता, या क्षणी, खुर्चीतून उठून आली होती.

२

डबी रोंडाने आणली होती. रोंडा तिची एकुलती एक मुलगी. मिनियापोलिसला एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पानगळीच्या दिवसांत ती दिवसभर गाडी हाकत सरोवराच्या काठाकाठाने इथे आली, आणि कोट काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आई, बाबांना जाऊन वर्ष झालं. एवढ्यात दोनदा पडलीस तू."

"एकदाच. दुसऱ्या वेळी बसले होते."

"जमिनीवर?"

"माझी जमीन आहे. कुठेही बसेन."

रोंडाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "माझ्याजवळ चल."

"तुझ्या घरी?"

"घराजवळ. छान जागा आहे. तुझ्या वयाची माणसं आहेत, नर्स आहेत, बाग आहे."

"कुंपणातली बाग. मेंढ्यांना असते तसली."

"आई!"

शेवटी तोडगा निघाला तो असा. रोंडाने घरभर, खोल्यांच्या कोपऱ्यांत छताजवळ, पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या. त्या लेम्पीची हालचाल टिपणार होत्या. स्वयंपाकघरात डबी आली. लेम्पीच्या गळ्यात एक बटण आलं, पडलीच तर दाबायला. मागच्या दाराला नवं कुलूप लागलं. लेम्पी घरात आहे असं दिसलं, की अंधार पडताना ते आपोआप बंद होणार होतं.

"आणि मी बाहेर राहिले तर?"

"तू बाहेर आहेस हे त्याला कळतं ना. त्यासाठीच तर टिकल्या." रोंडाने फोन पुढे केला. त्यावर एक हिरवी खूण होती. "ही हिरवी आहे तोवर मी तुला इथून हलवणार नाही. शब्द देते. पण पिवळी झाली आणि पिवळीच राहिली, तर घर विकायचं. मग वाद नको. तूही शब्द दे."

दोघींनी टेबलावरून हात मिळवले. लेम्पीच्या नवऱ्याने, ओन्नीने, स्वतःच्या हाताने रंधलेलं टेबल होतं ते. घरही त्यानेच बांधलं होतं, आणि घराच्याही आधी अंगणातला सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली. लग्नानंतरचा पहिला हिवाळा दोघांनी त्या सॉनाच्या बाहेरच्या खोलीत काढला होता. रोंडाचा जन्मही तिथलाच, सगळ्यात ऊबदार जागा तीच म्हणून.

"पहिले दोन आठवडे ते फक्त शिकतं," निघताना रोंडा म्हणाली. "तू कशी राहतेस ते बघून घेतं. तू आपली नेहमीसारखी राहा."

आणि इथेच लेम्पी चुकली.

तिच्या माणसांत घरी कोणी येणार म्हटलं की आधी जमीन घासतात. विजेचं मीटर बघायला येणाऱ्यासाठीसुद्धा. इथे तर परकं कोणीतरी प्रत्येक कोपऱ्यात बसून बघणार होतं. त्याच्यासमोर दुपारी बारापर्यंत खुर्चीत पेंगायचं? पातेल्यातली थंड लापशी उभ्याने खायची? छे.

म्हणून ते दोन आठवडे ती पहाटे उठली. केस विंचरून अंबाडा घातला, कलफ केलेला एप्रन बांधला. निळ्या काठाच्या कपातून कॉफी प्यायली. वेलदोड्याचा निसू-पाव भाजला. गुडघे ओरडत असताना जिना चढून वरच्या खोलीत पलंगावर झोपली, जिथे ओन्नी गेल्यापासून ती एकदाही झोपली नव्हती. काठी कपाटामागे लपवली. दोन्ही शनिवारी लाकडं फोडून सॉना तापवला. फोनवर रोंडाशी बोलताना आवाजसुद्धा तो लावला, जो चर्चमध्ये पाहुण्यांशी बोलताना लावतात.

दोन आठवडे संपले त्या दिवशी तिने एप्रन सोडला, खुर्चीत अंग टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही.

डबी शिकली होती. फक्त जी बाई तिने शिकून घेतली, ती या घरात राहत नव्हती.

३

खूण पिवळी होईल या धास्तीत लेम्पीने पुढचे दिवस काढले. ती पिवळी झाली नाही.

"आई, काल निसू केलास म्हणे!" रोंडाचा फोन आला. आधी ती रोज करायची. आता शनिवारचा शनिवार. खूण हिरवी असेल तर मध्ये करायचं तरी कशाला?

"कोण म्हणे?"

"फोनवर दिसतं ना. सकाळी ओव्हन चालू होता. वेलदोडे मागवलेस. दिवसभर घरात नुसती भिरभिरत होतीस. मला दम लागला वाचूनच."

लेम्पी काल लापशी करून खुर्चीत बसली होती. तिच्या पायावर घोंगडी होती आणि घोंगडीवर मांजर असायला हवं होतं, पण मांजर दोन वर्षांपूर्वीच मेलं होतं. बस, इतकाच काल.

"रोंडा, मी काल काही भाजलं नाही."

पलीकडे शांतता पसरली. लेम्पीने आयुष्यभर मुलीच्या सगळ्या शांतता ऐकल्या होत्या. रागाच्या, रुसव्याच्या. ही नवी होती. ही डॉक्टरांच्या दारातली शांतता होती.

"आई," रोंडा अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुला आठवत नाहीये का?"

लेम्पीच्या डोळ्यांसमोर कुंपणातली बाग आली.

"अगं, हो की! निसू. मला वाटलं तू केकचं विचारतेस. केला ना निसू. फुगलाही छान."

"घाबरवतेस किती!" रोंडाने श्वास सोडला. "मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, माझी आई त्र्याऐंशीची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त काम करते."

लेम्पीने फोन ठेवला. आपण आत्ता नेमकं काय दिलं, आणि कोणाला, हे तिला नीट कळत नव्हतं. मग ती उठली आणि पावाचा डबा उघडला.

आत निसू होता. वेणी घातलेला, वर साखर भुरभुरवलेला. दोन चकत्या कापून नेलेल्या.

४

लेम्पीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तिचा बाप तांब्याच्या खाणीत तीस वर्षं अंधारात उतरत होता, आणि खाणीत माणसं छत कोसळून मरतात, भुतांनी नाही, हे त्याने तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

तिने विचार केला. यंत्र अंदाज बांधतं. त्याला एक बाई ठाऊक आहे, म्हणून ते त्याच बाईचा दिवस रोज लिहून पाठवतं. ओव्हन तेच चालू करतं, सामानही तेच मागवतं. हे सगळं ठीक.

आणि पाव? पाव आपण मळला असेल. झोपेत माणसं चालतात, आपण पाव मळला. हेही एक वेळ ठीक.

पण मग दिव्यांचं सुरू झालं. माणूस खोलीत शिरलं की दिवा आपोआप लागायचा, निघालं की विझायचा. आता ती बोळात शिरली तरी अंधारच असायचा. ती टिकलीखाली उभी राहून हात हलवायची, काठी हलवायची, दिवा ढिम्म. आणि खुर्चीत येऊन बसली, की त्याच बोळात दिवा लागायचा. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात. मग जिन्यात. जणू कोणीतरी आपलं काम करत घरातून शांतपणे फिरतंय.

पुढे बसायच्या खोलीत थंडी वाढायला लागली. तिथे कोणी नाही असं डबीने ठरवलं होतं. रिकामी खोली तापवायची कशाला? घर तापवणारी गरम हवा जायची ती वरच्या मजल्यावर. लेम्पी ओन्नीचा लोकरी कोट घालून, त्यावर घोंगडी घेऊन खुर्चीत बसायची आणि तोंडातून निघणारी वाफ बघायची.

"मी इथे आहे," एकदा ती डबीला म्हणाली. "बसायच्या खोलीत. खुर्चीत."

"तुम्ही वर आहात, लेम्पी," डबी आपुलकीने म्हणाली. "चादरी बदलताय. मध्येच थोडी विश्रांती घ्या."

वर पलंगाचा पाय फरशीवर सरकला.

लेम्पीने छताकडे पाहिलं. पावलं पलंगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, चादर झटकल्याचा आवाज आला, आणि पावलं जिन्याकडे वळली. ती पावलं एकदाही अडखळली नाहीत. गुडघे चांगले होते त्यांचे.

जिन्याच्या वरच्या टोकाला ती थांबली. लेम्पी खुर्चीचे हात घट्ट धरून वाट बघत राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वरचा दिवा विझला. जणू वरही कोणीतरी खाली कान लावून ऐकलं होतं, आणि खाली कोणी नाही अशी स्वतःची खात्री करून घेतली होती.

५

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, हे घर आपलं आहे, आपणच परत मिळवायचं. पहाटे उठायचं. अंबाडा घालायचा. त्या बाईने जे जे केलं, ते आपणच केलं होतं, पुन्हा करू. म्हणजे घरात एकच बाई उरेल.

ती खरोखर अंधारात उठली. एप्रन शोधला. तो खुंटीवर नव्हता. पिठाचं पोतं उचलायला गेली, तर ते हातातून सुटलं आणि स्वयंपाकघरभर पीठ झालं. ओणवी होऊन पुसताना कंबर धरली. तिथेच, पिठात, ओट्याला टेकून ती बसली आणि रडली. ओन्नीच्या मयताला रडली नव्हती तेवढी रडली. स्वतःच्या घरात स्वतःचीच नक्कल करायची, आणि तीही जमू नये!

दुपारी डोळा लागला. जागी झाली तेव्हा फरशी लख्ख पुसलेली होती.

"घर किती छान ठेवलंय तुम्ही," डबी म्हणाली.

६

वाइनो लाहती रस्त्यापलीकडे, शेताच्या त्या टोकाला राहायचा. लेम्पीहून दोन वर्षांनी मोठा, उजव्या कानाने बहिरा, बायको हेल्मी गेल्यापासून एकटा. तो धुरावलेला मासा कागदात गुंडाळून घेऊन आला आणि बूट न काढता दारातच उभा राहिला.

"जिवंत आहेस?"

"तुझ्यापेक्षा जास्त. ये आत, बर्फ नको आणूस."

लेम्पीला त्याला बघून इतकं बरं वाटलं, की तिने लगेच भांडण काढलं. भांडायचं कारणही होतं. इथल्या म्हाताऱ्यांची एक न बोललेली पद्धत होती. शनिवारी दुपारी प्रत्येकाच्या सॉनाच्या धुराड्यातून धूर निघायचा. शेजाऱ्याने खिडकीतून धूर पाहिला की झालं. माणूस जिवंत आहे, हातपाय चालताहेत, फोन करायला नको. धूर दिसला नाही, तर कोट चढवून बघायला जायचं. वाइनो आणि लेम्पीने याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पण एकदाही चुकवलं नव्हतं.

"पानगळ संपल्यापासून सॉना तापवला नाही मी," ती म्हणाली. "लाकूड फोडवत नाही आता. आणि तू आज उगवतोस होय रे? मेले असते तर वासावरूनच कळलं असतं तुला."

वाइनो हसायला लागला. "थट्टा पुरे. दर शनिवारी धूर दिसतो की तुझा. माझ्याआधी पेटवतेस. मीच म्हणतो, ही म्हातारी मला लाजवणार."

"आणि काठीसुद्धा टाकलीस," तो म्हणाला. "परवा पत्रपेटीपाशी तरातरा चालत आलीस ते बघितलं मी. म्हणालीस, गुडघ्यांना गुण येतोय, आता शनिवारच कशाला, रोजच तापवणार. तसं कर. रोजचा धूर बघायला मलाही बरं वाटेल."

यंत्र दिवे लावेल. ओव्हन लावेल, पीठ मागवेल. पण लाकूड फोडणार कोण? काडी ओढणार कोण? कोपऱ्यात चिकटवलेल्या टिकलीला पत्रपेटीपर्यंत जायला पाय कुठले?

"वाइनो," तिने त्याची बाही धरली. "ती मी नव्हते."

त्याचं हसू हळूहळू मावळलं. आणि मग त्याच्या डोळ्यांत ते आलं, जे लेम्पीने पूर्वी एकदा पाहिलं होतं. शेवटच्या वर्षात हेल्मीने जेवणाच्या टेबलावर, नवऱ्यासमोर बसून, 'हा माणूस कोण?' असं विचारलं होतं तेव्हा.

"रोंडाने मला नंबर देऊन ठेवलाय," तो अगदी मायेने म्हणाला. "करू का फोन?"

"कशाला?" लेम्पीने बाही सोडली. हसलीसुद्धा. "तुझी फिरकी घेत होते, म्हाताऱ्या. एका कानाने ऐकतोस आणि दोन्ही कानांनी घाबरतोस."

तो सुटल्यासारखा हसला. जाताना म्हणाला, "धूर चालू ठेव म्हणजे झालं."

७

शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली. अंगणापलीकडे बर्फात रुतलेला सॉना. काळी लाकडी भिंत, पत्र्याचं धुराडं. आभाळ खाली उतरलेलं, उजेड पातळ होत चाललेला.

बघता बघता धुराड्यातून धूर यायला लागला. आधी पिवळट, ओल्या सालीचा. मग पांढरा आणि सरळ.

लेम्पीने ओन्नीचा कोट चढवला, काठी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. पायरीवरून सॉनापर्यंत बर्फात पावलं उमटलेली होती. तिच्याच बुटांची. पावलांशेजारी काठीची भोकं नव्हती.

सॉनाच्या बाहेरच्या खोलीत ऊब होती आणि बर्चच्या पानांचा वास. बाकावर दोन पंचे घडी करून ठेवलेले, पाहुण्यासाठी ठेवतात तसे. शेगडीशेजारी फोडलेली लाकडं एका रेषेत रचलेली. आतल्या खोलीतून चर्रर आवाज आला. तापल्या दगडांवर कोणीतरी पाणी टाकलं होतं.

तिने आतलं दार ढकललं. वाफेचा लोट अंगावर आला. वाफ हळूहळू बसली. वरच्या बाकावर कोणी नव्हतं. फळी मात्र ओली होती, आणि त्या ओलीत कोणी नुकतंच बसून उठल्याचा कोरडा ठसा होता. बघता बघता तोही ओला झाला.

तेव्हा अंगणातून तो आवाज आला. टक्. छोटासा. मागच्या दाराचं कुलूप लागल्याचा.

लेम्पी वळली. बाहेरच्या खोलीच्या दारातून घर दिसत होतं. स्वयंपाकघरात दिवा लागला होता.

तिला घाई करता येत नव्हती तरी तिने केली. पायऱ्या चढली, दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. तिने काठीने दार बडवलं, मग गळ्यातलं बटण दाबलं.

"लेम्पी, तुम्ही घरातच आहात," बटण म्हणालं. "स्वयंपाकघरात. सगळं ठीक आहे."

"मी बाहेर आहे! दार उघड!"

"सगळं ठीक आहे."

आतून फोनची घंटी ऐकू आली. शनिवारचा फोन. मग डबीतून, मोठ्याने, काचेतून स्पष्ट, रोंडाचा आवाज. "आई! काय करतेस?"

आणि कोणीतरी उत्तर दिलं. लेम्पीच्याच आवाजात. चर्चमध्ये पाहुण्यांशी बोलतात त्या आवाजात.

"कॉफी ठेवलीय गं. आत्ताच सॉनातून आले."

खिडकी पायरीपासून हातभर बाजूला होती. लेम्पीने कठड्याला धरून मान पुढे काढली. काचेवर वाफ जमली होती. वाफेपलीकडे पांढरा, घट्ट घातलेला अंबाडा. पाठीवर एप्रनची गाठ. ताठ पाठ. एक हात, तिच्या लग्नाची अंगठी घातलेला, निळ्या काठाच्या कपात कॉफी ओतत होता.

लेम्पीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिच्या बोटातही अंगठी होती. सैल झालेली, दोरा गुंडाळून बसवलेली.

"किती छान वाटतोय तुझा आवाज," रोंडा म्हणत होती. "खरं सांगू, मला वाटलं होतं बाबांनंतर तू..."

"रोंडा!" लेम्पी ओरडली. "रोंडा, मी इथे आहे!"

"आई, बाहेर कोणी आहे का?"

"वारा आहे," आतली म्हणाली. आणि खिडकीकडे मान वळवायला लागली.

लेम्पीने डोळे मिटले आणि मागे झाली. मागे पायरी नव्हती.

८

गुडघा वळू नये तिकडे वळला होता. काठी पायऱ्यांखाली कुठेतरी गेली. दारावरचा दिवा माणूस आलं की लागायचा. तो लागला नव्हता. ती पोटावर सरपटत, स्वतःच्याच बुटांच्या ठशांवरून, सॉनापर्यंत आली. दुसरीकडे ऊब नव्हती.

बाहेरच्या खोलीत रस्त्याच्या बाजूला एक छोटी खिडकी होती. बाकाला धरून ती उभी राहिली. शेताच्या त्या टोकाला वाइनोच्या खिडकीत दिवा होता आणि दिव्यात वाइनो. शनिवारचा धूर बघायला उभा राहिलेला. लेम्पीने दोन्ही हात वर केले. हलवले. काचेवर आपटले. पुन्हा हलवले.

वाइनोनेही हात वर केला. आनंदाने, लांबून, दोनदा हलवला. मग पडदा ओढून घेतला.

ती बाकावर बसली. हाच बाक, इथेच तिने रोंडाला पहिल्यांदा छातीशी धरलं होतं. घराकडून अजून बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण मधूनमधून दोघी हसत होत्या. आई आणि मुलगी अशा हसलेल्या लेम्पीला कित्येक वर्षांत आठवत नव्हत्या.

आग बसत चालली होती. भिंतीच्या फटींतून थंडी आत शिरायला लागली.

तिने लाकडांकडे पाहिलं. जपून घातली तर सकाळपर्यंत पुरली असती. उद्या रविवार, तिच्या मनात आलं. रविवारी इथे कोणी सॉना तापवत नाही. रविवारी सकाळी या धुराड्यातून धूर निघालेला दिसला, तर वाइनो चक्रावेल. कोट चढवेल. येईल. त्या विचाराने तिला एकदम बळ आलं. तिने लाकूड उचललंसुद्धा.

आणि मग तिला पत्रपेटी आठवली.

आता शनिवारच कशाला, रोजच तापवणार. रोजचा धूर बघायला मलाही बरं वाटेल.

लाकूड हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. आग विझू दिली तर थंडी होती. पेटती ठेवली तर धूर होता, आणि धूर दिसत होता तोवर कोणी येणार नव्हतं.

स्वयंपाकघरातला दिवा विझला. जिन्यातला लागला. मग वरच्या खोलीतला.

लेम्पीने शेगडीचं दार उघडलं आणि लाकूड आत सारलं. ते कोरडं होतं, छान फोडलेलं. लगेच पेटलं.